रोज उघडलेली जखम

पट्टीमावशीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, जखमा राहत. बाजारात भाजी निवडताना कुणी हसून नमस्कार केला की ती गोंधळायची, डोळे बारीक करायची. मग त्या माणसानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली की एकदम उजळायची. "अगं बाई, भाजलेलं कोपर! कसं आहे?" पोस्टातले मोठे साहेब तिच्या लेखी 'कुत्रं चावलेली पोटरी' होते. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई कोण होत्या ते इथं सांगण्यासारखं नाही, पण त्या महिनाभर उभ्यानं शिकवत होत्या एवढं सांगतो. मावशी लांबून येताना दिसली की बाई पलीकडच्या फुटपाथवर जात.

दवाखाना दोन खोल्यांचा, दुसऱ्या मजल्यावर, लाकडाच्या वखारी असलेल्या रस्त्याच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत मावशी. डॉक्टर बदलत गेले, मावशी एकोणतीस वर्षं तिथंच. आली तेव्हा बावीस वर्षांची, फरशी पुसायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या कंपाउंडरचे हात कापायला लागले होते. एकदा त्याच्या हातून पट्टीचा गुंडाळा निसटला आणि खोलीभर उलगडत गेला. हिनं फडकं टाकलं, गुडघ्यावर बसून तो गुंडाळा असा आवळून गुंडाळला की म्हातारा बघत राहिला. म्हणाला, "हात बघू तुझे." तेव्हापासून फडकं सुटलं ते सुटलंच.

नवरा चौदा वर्षांपूर्वी गेला. माणूस बरा होता, घोरायचा फार. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या दोघी, ही आणि नणंद. नणंदेनं लग्न केलं नाही. टेलिफोन ऑफिसात पंचवीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, ते ऑफिस बंद पडलं तेव्हापासून सगळी साठलेली बोलणी ती स्वतः बोलत होती.

मावशीला एकाच गोष्टीचा गर्व होता. माझ्या हाताखाली जखम चिघळत नाही. हे ती छातीवर हात मारून सांगायची आणि ते खरंही होतं. पट्टी सोडली की आधी जखमेशी बोलायची. "ये गं माझे बाई, रात्रभर ठणकलीस का?" जिला जखम झाली ती व्यक्ती मग नंतर.

तर एका मंगळवारी कातारी आला. कातारी म्हणजे यंत्रावर लाकूड गरगर फिरवत ठेवून पटाशीनं पलंगाचे पाय, खुर्च्यांचे दांडे, भोवरे काढणारा. पंचावन्नच्या घरातला, काटकुळा, एकटा राहणारा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. भुवया खऱ्या कुठल्या रंगाच्या हे कळू नये इतका भुसा त्यांच्यावर. डाव्या तळव्याला चिंधी बांधलेली, चिंधीतून लाल पाझरत होतं.

"कधी लागलं?" मावशीनं विचारलं.

"काल दुपारी. पटाशी सटकली."

"आणि उगवताय आज?"

"पलंगाचा एक पाय राहिला होता. तीन पायांचा पलंग कसा देणार माणसाला?"

चिंधी सोडली. अंगठ्याच्या बुडाशी बोटभर लांब चीर, आणि चिरेत पिवळं काहीतरी गच्च भरलेलं.

"हे काय कोंबलंय?"

"भुसा. रक्त थांबतं त्यानं."

"रक्त आपलं आपण थांबतं! तुमच्या भुशाला कुणी बोलावलं होतं?"

डॉक्टरीणबाई आत आली. वयानं लहान, चालण्यात घाई, बोलण्यात त्याहून घाई. तिनं बघितलं आणि म्हणाली, "टाके नकोत. उशीर झालाय, आत घाण गेलीय. शिवली तर आतल्या आत पिकेल. स्वच्छ करून उघडीच ठेवू, खालून वर भरत येईल. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या." आणि गेली.

मावशीनं सलाइनच्या पाण्यानं जखम एकदा धुतली, दोनदा धुतली, सहा वेळा धुतली. भुशाचा कण न् कण चिमट्यानं वेचला. कातारी दात आवळून बसला होता. त्याचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिनं आपलं नेहमीचं सुरू केलं.

"हे बघा, घराची भिंत पडली असं समजा. पहिल्यांदा काय कराल?"

"ओरडेन."

"ते झालं. मग?"

"पाण्याचा नळ फुटला असेल तर बंद करेन."

"शाबास. तसंच इथं. रक्ताची नळी स्वतःला आवळून घेते, रक्त गोठतं, भोकाला बूच बसतं. मग आतून निरोप सुटतो, या रे सगळे! आणि सगळे यायचे म्हणजे रस्ते रुंद पाहिजेत. बारीक बारीक नळ्या फुगतात, पाझरतात. म्हणून लाल, म्हणून गरम, म्हणून सूज. सुजेचा दाब पडतो म्हणून ठणका. लोक घाबरून येतात, मावशी, सुजलंय, बिघडलं. अहो बिघडलं काय, घरात माणसं आलीत कामाला!"

"कोण माणसं?"

"पांढऱ्या पेशी. आधी येतात ते पुतणे. तरणेताठे, हावरट. जंतू दिसला की गट्ट, दुसरा दिसला की गट्ट. खाऊन खाऊन तिथंच आडवे होतात. पू दिसतो ना, त्यात मेलेले पुतणेच जास्त."

"अरेरे."

"दोनतीन दिवसांनी येते मोठी काकू. तीही पांढरी पेशीच, पण अंगानं दांडगी. पुतण्यांचा सगळा पसारा गिळते, दंगा थांबवते आणि गवंड्यांना हाक मारते. मग भिंत चढायला लागते. काकू वेळेवर आली की जखम भरली म्हणून समजा."

कातारी हसला. हसताना त्याचा आवाज यायचा नाही, खांदे तेवढे गदगद हलायचे, आणि खांदे हलले की भुवयांतला भुसा पावडरीसारखा खाली यायचा. तो भुसा मावशीच्या हातमोज्यावर पडला. स्वच्छ हातमोज्यावर! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनं त्याचा उद्धार केला असता. ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "उद्या या."

पहिले चार दिवस रोज बोलावणं बरोबरच होतं. घाणीची जखम, लक्ष ठेवायलाच हवं. पुतणे आले, दंगा झाला, तळवा टम्म सुजला, मग सूज उतरली. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर आत लालचुटूक, दाणेदार, ओलसर नवं मांस. डाळिंब सोलून ठेवल्यासारखं. गवंडी कामाला लागले होते. आता नियम साधा. झाकायचं आणि तीनतीन दिवस हात लावायचा नाही. नव्या मांसाला शांतता लागते. हे मावशीनं हजारो लोकांना दरडावून सांगितलेलं, पट्टी उचकून बघणाऱ्यांना तिनं पाणउतारा करून हाकललेलं.

तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "उद्या या."

"बरं," कातारी म्हणाला.

सहाव्या दिवशी उद्या या. सातव्या दिवशी उद्या या. सकाळी नऊला कातारी बाकावर हजर. मावशी पट्टी सोडायची, आतल्या दाण्यांना चिकटलेली कापडाची जाळी हळूच ओढायची, तळवा निरखायची, परत बांधायची. पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालायचं. त्यानं विचारायचं, "काकूचं काय म्हणणं आज?" आणि हिनं सांगायचं. काकूला आता नातवंडं झाली होती. हे कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात बसतं ते देव जाणे, पण दोघांनाही त्यात काही खटकलं नाही.

आणि मावशीचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही. ठेवणीतली साडी मंगळवारी नेसली, बुधवारी नेसली. कापूस कापताना गुणगुणायला लागली. गुरुवारी एका आजोबांच्या चांगल्या पायाला पट्टी बांधून त्यांना घरी पाठवलं. ते बिचारे भिडेखातर त्या पायानं लंगडत गेले. कातारीच्या मनगटावर पट्टीची गाठ मारायची तिथं तिनं फूल काढलं, दोन पाकळ्यांचं. वखारीतल्या गड्यांनी विचारलं, "काय हो, वाढदिवस का?"

घरी नणंद बघत होती. टेलिफोनवाली ती, न ऐकलेलंसुद्धा तिला ऐकू यायचं.

"वहिनी, चहात मीठ आहे."

"असं?"

"कालही होतं. वहिनी, तूच सांगतेस ना, चार लक्षणं? लाली, ती तर गालांवर दिसतेय. गरमपणा, कान तापलेत. ठणका, रात्रभर कूस बदलतेस, माझी झोप मोडते. सूज तेवढी तुला आधीपासूनच आहे."

"ताई!"

"कोण आहे?"

"डावा तळवा," मावशी म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून इतकी हसली की कपबशी पडली. एक्कावन्न वर्षांची बाई, पण हसणं थांबेना. तिचं बघून नणंदेलाही हसू आवरेना. दोघी फरशीवर बसून बशीचे तुकडे गोळा करत हसत होत्या.

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईनं सहज मागच्या खोलीत डोकावलं. "ही जखम अजून चालूच?" तिनं तळवा दिव्याखाली धरला. कडा लाल, जाड. मधून रक्ताचे टिपके. पाचव्या दिवशी उतरलेली सूज परत चढलेली. "एव्हाना निम्मी व्हायला हवी होती. साखर आहे का तुम्हाला?"

साखर तपासली, नव्हती. रक्त तपासलं, ठीक. तपासायला कातारीच्या दंडात सुई गेली तेव्हा मावशीनंच डोळे मिटून घेतले.

"मग एकच," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आत लाकडाचं कुसळ राहिलंय. शरीर त्याच्याशी भांडत बसलंय. मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देते. परवा सकाळी जा. तळवा उघडून बघतील."

"उघडून म्हणजे?" कातारीनं विचारलं.

"कापून. अंगठा वळवणारी दोरी तिथूनच जाते, जपून करावं लागेल. अंगठा थोडा ताठ राहू शकतो. पण असंच ठेवूनही चालणार नाही."

कातारी हसला नाही. उजव्या हातानं डावा अंगठा धरून म्हणाला, "पटाशीला टेकू ह्याचाच असतो." मग उठला आणि मावशीकडं बघून म्हणाला, "उद्या येऊ ना?"

मावशीला ठाऊक होतं, कुसळ नव्हतं. सहा वेळा धुतलेली जखम, कुसळ राहील कसं? कुसळ ती स्वतः होती. रोज जाळी ओढायची, जाळीबरोबर कोवळे दाणे निघायचे, रक्त यायचं, की परत निरोप सुटायचा, या रे सगळे! दिवसभरात गवंड्यांनी जेवढी भिंत चढवावी तेवढी ही सकाळी नऊला येऊन पाडायची. पुतणे जाणार कसे? त्यांना रोज नवं आमंत्रण होतं.

संध्याकाळी तिनं नणंदेला सगळं सांगितलं.

"सांगून टाक," नणंद म्हणाली.

"काय सांगू? तुमचं तोंड दिसावं म्हणून आठ दिवस तुमच्या हाताची सालं काढत होते?"

"असंच सांग. चांगलं वाक्य आहे."

"नोकरी जाईल. आणि तो परत तोंड बघणार नाही माझं."

"न बघू दे. अंगठा तर वळेल त्याचा."

मावशीनं नाक पुसलं. "तू फार वाईट आहेस, ताई."

"खरं बोलते म्हणून. मीठ कमी टाक भाजीत."

दुसऱ्या दिवशी नऊला कातारी बाकावर बसला तेव्हा मावशी डॉक्टरीणबाईच्या हाताला धरून तिला मागच्या खोलीत घेऊन आली. दार लावलं. आणि एका दमात, कुठंही न थांबता, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तिनं सगळं सांगितलं. पाचव्या दिवसापासून पट्टी सोडायचं कारण नव्हतं. मी सोडली. रोज सोडली. कोरडी जाळी ओढली, एकदाही भिजवली नाही, कारण भिजवली की पटकन सुटते आणि काम लवकर संपतं. हातात कुसळ नाही. कापू नका. माझं काय करायचं ते करा.

डॉक्टरीणबाईची घाई पहिल्यांदाच थांबली. "पण मावशी, तुम्ही? तुम्ही तर मलाच शिकवलंत, उचकू नका म्हणून! का पण?"

मावशीच्या मानेपासून कपाळापर्यंत जो रंग चढला तो उत्तराला पुरेसा होता.

"मला ठाऊक होतं," दार ढकलत कातारी म्हणाला.

दोघी वळल्या.

"बाकावर बसलं की समोर भिंतीवर पाटी आहे. ह्यांच्याच अक्षरातली. 'जखम स्वच्छ दिसू लागल्यावर तीन दिवस पट्टी सोडू नये.' बारा दिवस तीच वाचतोय. दुसरं वाचायला काय आहे तिथं?"

"आणि तरी रोज आलात?" डॉक्टरीणबाई ओरडलीच.

"आलो."

"का?"

त्यानं भुवई खाजवली, भुसा पडला. "काकूचं पुढं काय होतं ते ऐकायचं होतं."

डॉक्टरीणबाईनं एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग ती खुर्चीत बसली आणि टेबलावर डोकं टेकून हसली. हसून झाल्यावर डोळे पुसून कडक आवाज काढला. "चिठ्ठी फाडते. सात दिवस देते. पट्टी आज मी बांधणार, मधे सोडायची नाही. मावशी, तुम्ही ह्या हाताला बोटसुद्धा लावायचं नाही. सात दिवसांत फरक पडला नाही तर कापायला पाठवणार, आणि मग तुमची तक्रारही मीच लिहिणार. तुम्ही दोघं मिळून शंभर वर्षांचे आहात, लाज वाटते का?"

"एकशे सहा," कातारी म्हणाला.

सात दिवस! मावशीनं ते कसे काढले ते तिलाच माहीत. पहिल्या दिवशी नऊ वाजता तिचे हात आपोआप चिमट्याकडं गेले. खिडकीबाहेर पाहिलं तर कातारी रस्त्यावर उभा. आत आला नाही. डावा हात निशाणासारखा वर धरला, पट्टी जशीच्या तशी आहे हे दाखवलं, आणि गेला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी खालून ओरडला, "मावशी, खाज येतेय!"

"येऊ द्या!" ही खिडकीतून ओरडली. "गवंडी कामावर आहेत! खाजवाल तर खबरदार!"

"काकू?"

"काकू निघायच्या तयारीत!"

रांगेतले पेशंट माना वळवून वळवून बघत होते. चौथ्या दिवशी वखारीतले चारपाच गडी त्याच्याबरोबर आले आणि त्यांनीही हात वर केले. पाचव्या दिवशी मावशीनं खिडकी लावून घेतली आणि फटीतून पाहिलं. पण मनातून तिला धास्ती होती. पट्टीखाली काय चाललंय ते आयुष्यात पहिल्यांदा तिला माहीत नव्हतं. पू झाला असला तर? वास तर येत नाही ना? दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वास कसा येणार, हे कळूनसुद्धा ती नाक लावून उभी राहायची.

आठव्या सकाळी डॉक्टरीणबाईनं पट्टी भिजवली, थांबली, आणि सोडली. मावशी दोन हात मागं बांधून भिंतीला चिकटून उभी होती.

"या, बघा."

बोटभर चिरेची उरली होती नखाएवढी खूण. कडा आत सरकलेल्या, चपट्या, फिक्या गुलाबी. सूज नाही, गरमपणा नाही. सगळे पाहुणे गेलेले, भिंत उभी. कातारीनं अंगठा वळवला. करंगळीच्या बुडापर्यंत पोचला. परत वळवला, आणि मग उगाचच चारदा वळवला.

"झालं काम," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता एक छोटी चिकटपट्टी, चार दिवसांनी तीही काढून टाका. घरीच." आणि ती पुढच्या खोलीत निघून गेली. जाताना दार ओढून घेतलं, तेही सावकाश.

मावशीनं चिकटपट्टी लावली. एकदाच, नीट. मग जे वाक्य तीन आठवडे तिच्या घशात अडकलं होतं ते तिनं काढलं. "आता यायची गरज नाही."

"बरं," कातारी म्हणाला. उठला नाही.

"उठा की."

"उठतो. एक विचारायचं होतं. तुम्हाला नाही, घरी कुणी मोठं असेल त्यांना. तुमच्या घरी कुणाला विचारायचं असतं?"

"नणंद आहे," मावशी कशीबशी म्हणाली.

"मग त्यांना भेटायला कधी येऊ?"

दाराबाहेरच्या बाकावरून आवाज आला, "विचारा, विचारा! मी ऐकतेय!"

मावशीनं दार उघडलं. नणंद पायाच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळून बसली होती.

"ताई, तू इथं काय करतेस?"

"ठेच लागलीय."

मावशीनं रुमाल ओढला. अंगठा ठणठणीत. "कुठं आहे ठेच?"

"बरी झाली. तुझा हात गुणी आहे ना, नुसत्या दारात बसूनच बरी झाली." मग ती कातारीकडं वळली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे बघा, वहिनीला मी कुठं पाठवायची नाही. चौदा वर्षं आम्ही दोघी राहतोय, मला तिची सवय आहे. तुम्हीच आमच्याकडं या. घोरता का?"

"नाही," कातारी म्हणाला. "बायको म्हणायची, झोपेतसुद्धा आवाज नसतो म्हणून."

"ते पहिलं चांगलं. आणि तुमचं ते यंत्र? गरगर फिरणारं?"

"ते तर लागेल. पोट आहे त्याच्यावर."

"आपल्या घरी मागच्या खोलीत मावेल का, वहिनी?"

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, कान लाल, गाल लाल, हसू आवरता आवरत नव्हतं. तिनं एप्रनच्या खिशातून गुंडाळा काढला, पट्टीचं एक टोक कातारीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "लांबी सांगा यंत्राची. ह्याच्यावर तेवढ्या अंतरावर गाठ मारते. घरी जाऊन मोजू."